फर्नेस पेटून विझत होती, आणि गळ्यात मारली नवी फर्नेस

न्यू जर्सीत जानेवारीत फर्नेस (घर तापवणारी गॅसची भट्टी) बंद पडली की घर तासागणिक गार होत जातं. घरात लहान मूल असेल किंवा भारतातून आलेले आई-बाबा असतील, तर माणूस फोनवर दिसेल त्या पहिल्या नंबराला बोलावतो. एडिसनकडच्या एका मराठी कुटुंबाने तेच केलं. ‘८९ डॉलरमध्ये तपासणी’ अशी जाहिरात होती. मेकॅनिक आला, थोडा वेळ बेसमेंटमध्ये राहिला आणि वर येऊन फोनवरचा फोटो दाखवला. म्हणे हीट एक्स्चेंजर (ज्याच्या आतून ज्वाळा-धूर जातो आणि बाहेरून घरातली हवा तापते तो धातूचा भाग) तडकलाय, घरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू येतोय, गॅस बंद करणं मला भाग आहे. फर्नेसला ‘धोकादायक, वापरू नका’ असा लाल टॅग लावला. नवी फर्नेस ९,४०० डॉलर, आज सही केली तर उद्या बसवतो, ३,००० आगाऊ. सही झाली. दुसऱ्या दिवशी जुनी फर्नेस मेकॅनिकच्याच ट्रकमधून गेली, म्हणजे पुरावाही गेला.

मूळ तक्रार काय होती? बर्नर पेटायचे, चार-पाच सेकंदांत विझायचे, असं तीन-चारदा होऊन फर्नेस गप्प बसायची. या कामातल्या माणसाला एवढं ऐकूनच पहिला संशय फ्लेम सेन्सरवर येतो.

गॅस फर्नेस ठरलेल्या क्रमाने सुरू होते. थर्मोस्टॅटकडून (घराचं तापमान ठरवणाऱ्या भिंतीवरच्या यंत्राकडून) २४ व्होल्टचा सिग्नल येतो, धूर बाहेर ओढणारा छोटा पंखा (इंड्यूसर) फिरतो, धूर ओढला जातोय याची खात्री करणारा प्रेशर स्विच जोडला जातो, इग्नायटर लालभडक होतो, गॅस व्हॉल्व्ह उघडतो, बर्नर पेटतात. मग ज्वाळेत बुडालेली फ्लेम सेन्सरची काडी फर्नेस चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला सांगते की ज्योत आहे. ती ज्वाळेतून काही मायक्रोअँपिअर एवढाच करंट वाहून नेते. काडीवर पांढुरका थर चढला की करंट घटतो, बोर्डाला ज्योत ‘दिसत’ नाही आणि तो गॅस तोडतो. तीन-चार प्रयत्नांनंतर बोर्ड लॉकआउटमध्ये जातो, म्हणजे पुन्हा पेटवायचं थांबवतो, बऱ्याच मॉडेलांत तासाभरासाठी.

आता गोम बघा. घरात गरम हवा ढकलणारा मोठा ब्लोअर बर्नर पेटल्यावर साधारण अर्ध्या मिनिटाने सुरू होतो. एक्स्चेंजरला मोठा तडा असेल तर ज्वाळा थरथरते किंवा वाकते, पण ती ब्लोअर सुरू झाल्यावर. इथे ज्योत त्याच्या कितीतरी आधी विझत होती. तडा असूही शकतो, पण या लक्षणाचं कारण तो नव्हे.

सेन्सर साफ करायला फर्नेसचा स्विच आणि गॅस बंद करावा. पाव इंची हेक्सचा एक स्क्रू काढून काडी बाहेर घ्यावी, बारीक स्टील वूलने हलकेच पुसावी, परत बसवावी. खरखरीत सँडपेपर नको, चरे पडले की थर लवकर धरतो. शेजारच्या इग्नायटरला बोट लावू नये, तो ठिसूळ असतो. नवा सेन्सर वीस-पंचवीस डॉलरच्या आसपास मिळतो.

फसवणूक उघड झाली ती त्या फोटोमुळे. घरच्यांनी तो मागून घेतला होता आणि जुन्या फर्नेसच्या मॉडेल नंबरच्या पट्टीचाही फोटो त्यांच्याकडे होता. मेकॅनिकच्या फोटोतला एक्स्चेंजर दोन पत्रे जोडून केलेल्या चपट्या शिंपल्यासारखा होता. त्यांच्या मॉडेलमध्ये वळणदार नळ्यांचा असतो. फोटो दुसऱ्याच कुठल्या तरी फर्नेसचा! शिवाय घरातला कार्बन मोनॉक्साइड अलार्म एकदाही वाजला नव्हता. अर्थात हा पक्का पुरावा नाही: असे अलार्म हवेत ७० पीपीएम (दहा लाखांत सत्तर भाग) वायू असला तर एक ते चार तासांनी वाजतात.

खरा तडा धोकादायकच असतो, म्हणून तर ही भीती विकली जाते. म्हणून पुरावा मागायचा. आत कॅमेरा घालून तुमच्यासमोर व्हिडिओ काढायला सांगा, सुरुवात सीरियल नंबरच्या पट्टीपासून. धुराच्या नळीत कम्बशन अॅनालायझर (धुरातले वायू मोजणारं यंत्र) लावून आकडे छापून मागा. नुसता गंज म्हणजे तडा नव्हे. तडा खरा निघालाच तर कंपनीची वॉरंटी तपासा. एक्स्चेंजरच्या भागावर ती अनेकदा २० वर्षं किंवा त्याहून जास्त असते. मजुरी त्यात येत नाही, आणि घर दुसऱ्याकडून घेतलेलं असेल तर मुदत कमी असू शकते. अलार्म वाजत असेल तर मात्र वाद न घालता बाहेर पडून ९११. नुसता संशय असेल तर गॅस कंपनीच्या आपत्कालीन नंबरवर फोन करा. त्यांना तुम्हाला फर्नेस विकायची नसते.

मेकॅनिकला बोलावण्याआधी थर्मोस्टॅटचे सेल बघा. फर्नेसजवळचा दिव्याच्या बटणासारखा स्विच कुणी चुकून बंद केलाय का, ब्लोअरचं झाकण नीट बसलंय का, बोर्डावरचा ३ किंवा ५ अँपिअरचा फ्यूज उडालाय का, तेही बघा. इंड्यूसर फिरतो पण इग्नायटर लाल होत नाही, तर बाहेरचे पांढरे पाइप बर्फाने बुजलेत का आणि पाण्याचा ट्रॅप तुंबलाय का ते पाहा. बोर्डावरचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. त्याचा तक्ता झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. हा कोड फोनवरच सांगितला की समोरचाही जपून बोलतो. प्रेशर स्विच वायरने बायपास करायचा उद्योग कुणालाही करू देऊ नका.

न्यू जर्सीत या कामाला राज्याचा परवाना लागतो आणि फर्नेस बदलायला टाउनशिपचं परमिट. ‘परमिटची गरज नाही’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. सही झालीच असेल, तर घरी येऊन केलेल्या विक्रीला अमेरिकेच्या केंद्र सरकारचा तीन कामकाजी दिवसांत रद्द करायचा नियम आहे. दुरुस्तीसाठी तुम्ही बोलावलं असलं, तरी दुरुस्तीपलीकडे जे विकलं त्याला तो लागू होतो. मात्र ‘तातडीची गरज असल्याने मी हा हक्क सोडतो’ असं तुमच्या हस्ताक्षरात लिहून मागतील, ते देऊ नका. रद्द केल्याचं पत्र तिसऱ्या कामकाजी दिवशी मध्यरात्रीच्या आत सर्टिफाइड मेलने टाका. आगाऊ रक्कम क्रेडिट कार्डानेच द्या, म्हणजे बँकेकडे डिस्प्यूट तरी करता येतो. या कुटुंबाने चेक दिला होता.