लोंबत्या जिरेनियमच्या नावाखाली तेलाची कलमं विकतायत, सावध राहा!

थंडी पडली की भुसावळ-जळगावकडे रस्त्याच्या कडेला बाहेरगावच्या रोपांचे टेम्पो लागतात. सगळेच लबाड नसतात, माझ्या अंगणातली कितीतरी झाडं अशाच टेम्पोवरून घेतलेली आहेत. पण यंदा एकाने आम्हा शेजारणींना सरळ गंडवलं. तोच माल आणखी गावोगाव खपवला जात असेल, म्हणून लिहिते आहे.

टेम्पोवर मोठा फ्लेक्स होता. लाकडी घराची गॅलरी आणि तिच्यावरून खाली लोंबणारी लालभडक फुलं. "ताई, हँगिंगचं जिरेनियम, बारमाही. तुमच्या उन्हाला याला काही होत नाही." एका रोपाचे अडीचशे रुपये. फूल एकाही रोपावर नव्हतं. विचारलं तर म्हणाला, वाहतुकीत खराब होतात म्हणून खुडली. पावती मागितली तर, "नंबर घ्या ना ताई, मी कुठं पळून जातो?"

काही दिवसांत रोपांनी माना टाकल्या. एक हलकेच ओढलं तर सुळकन हातात आलं. खाली कात्रीचा तिरका काप तसाच, मुळाचा एक तंतूही नाही, आणि बुडाकडचा दोन बोटं देठ काळा, बुळबुळीत. नुसत्या फांद्या ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) खोचून रोपं म्हणून विकल्या होत्या.

जी जगली ती लोंबेनात, झुडपासारखी उभी वाढली. चोपड्याचे आमचे नाना आले होते. त्यांनी एक कातरलेलं, मऊ पान बोटांत चोळलं, हुंगलं आणि म्हणाले, "हाई ते तेलनं शे." म्हणजे, हे तर तेलाचं आहे. गुलाबासारखा वास येत होता. हे जिरेनियम शेतात लावतात. पाला कापून वाफेवर तेल काढतात, ते अत्तरात, साबणात जातं. पीक चांगलं आहे, पण फुलं बारीक, फिकट गुलाबी. टांगत्या टोपलीच्या शोभेचं हे झाड नव्हेच. त्या माणसाला फोन केला तर म्हणे, "जिरेनियमच दिलंय ना?" त्यानंतर नंबर बंद.

खरं लोंबतं जिरेनियम पानावरून ओळखू येतं. पान जाडसर, गुळगुळीत, चकचकीत, पाच कोनांचं, आणि फांद्या लवचिक. नेहमीच्या कुंडीतल्या जिरेनियमचं पान गोल, लवदार असतं आणि बहुतेक वेळा त्यावर गडद कडं दिसतं. तेही टोपलीत शोभतं, पण उभं वाढतं. म्हणून फूल उमललेलं रोपच घ्या, आणि घेण्याआधी देठ धरून किंचित ओढून बघा. मूळ धरलेलं रोप जागचं हलत नाही. विकणाऱ्याला राग आला तर येऊ द्या. त्याच टेम्पोवर निळ्या जिरेनियमच्या बियांची पाकिटंही होती. टोपलीत लावायच्या जिरेनियममध्ये असा निळा रंग नसतोच.

"बारमाही" हे तर धडधडीत खोटं. या झाडाचं मूळ दक्षिण आफ्रिकेतलं, उटीसारख्या थंड हवेत ते वर्षभर रमतं. खानदेशात ते हिवाळ्याचं झाड, ऑक्टोबर ते मार्च. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांवर जातो तेव्हा सावलीतही ते तग धरणं कठीण. उन्हाळ्यात टोपली भरायची तर चिनी गुलाब लावा, तो या उन्हात फुलतो. जिरेनियमला नुसती काळी माती घालू नका, पाणी साचून देठ कुजतो. सकाळचं ऊन द्या आणि वरची माती सुकल्यावरच पाणी घाला.

आता तक्रारीचं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. आमच्याकडे पावती नव्हती, पण यूपीआयने पैसे दिल्याची नोंद होती. पैसे रोख देऊ नका, आणि टेम्पोचा नंबर, फ्लेक्स आणि घेतलेलं रोप यांचे फोटो तिथंच उभं राहून काढून ठेवा.