वॉरंटी चालू असताना १ लाख ८७ हजारांचं इंजिन: क्लेम कसा नाकारला गेला

आमच्या डिझेल गाडीच्या इंजिनसाठी आम्ही १ लाख ८७ हजार रुपये भरले. भरले त्या दिवशी गाडीची एक्स्टेंडेड वॉरंटी चालू होती. क्लेम नाकारण्यात आला. इतक्या तपशिलात लिहितोय, कारण नंतर ज्या ज्या गाडीवाल्यांशी बोललो त्यांतल्या अनेकांना जवळजवळ याच भाषेतला नकार मिळाला होता. इंजिन खोलायच्या आधी काय हातात ठेवायचं हे कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर त्यांचे आणि आमचे पैसे कदाचित वाचले असते.

गाडीला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी होती. पुढच्या दोन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी शोरूमने डिलिव्हरीच्या दिवशीच दिली. १८,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण २१,२४०. "इंजिन, गिअरबॉक्स सगळं कव्हर आहे सर, पाच वर्षं बघायला नको," असं सांगितलं होतं. हातात एक पानी सर्टिफिकेट मिळालं. अटींची पुस्तिका मागितली तर म्हणाले, मेलवर येईल. ती आली क्लेम नाकारल्यावर, तीही लेखी मागणी केल्यावर.

चौथ्या वर्षी पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर ऑइलचा लाल दिवा लागला आणि इंजिनातून ठोकल्यासारखा आवाज यायला लागला. बायको चालवत होती. तिने तिथल्या तिथे गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं आणि टोइंगची गाडी येईपर्यंत पुन्हा चालू केलं नाही. गाडी पुण्याला त्याच अधिकृत वर्कशॉपमध्ये नेली, जिथे पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या सर्व्हिस झाल्या होत्या.

तिथे अ‍ॅडव्हायझर म्हणाले, "सर, टेन्शन घेऊ नका, गाडी वॉरंटीत आहे. फक्त खोलून बघावं लागेल." त्यासाठी एक फॉर्म होता. क्लेम नामंजूर झाला तर इंजिन उतरवण्याची, खोलण्याची आणि पुन्हा बांधण्याची मजुरी ग्राहकाने द्यायची, असं त्यावर लिहिलेलं. सही केल्याशिवाय गाडी रॅम्पवर घेतच नाहीत.

खोलल्यावर कळलं की तिसऱ्या सिलिंडरचं बिग एंड बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला, जिथे जोडतात तिथलं) जाम होऊन फिरलंय आणि क्रँकला मार बसलाय. हाफ इंजिन, म्हणजे ब्लॉक, क्रँक आणि पिस्टनसह इंजिनचा खालचा भाग, टाकावं लागेल, असं सांगितलं. थोड्या दिवसांनी मेल आला: क्लेम नामंजूर. कारणं तीन दिली होती. तिन्ही नीट बघण्यासारखी आहेत.

पहिलं कारण सर्व्हिस उशिरा केल्याचं. पुस्तिकेत १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते, अशी अट आहे. आमची एक सर्व्हिस २३ दिवस उशिरा झाली होती. किलोमीटर तोवर पुरे झालेच नव्हते. आणि उशीर का झाला? आम्ही वेळेत फोन केला होता, पण वर्कशॉपने पुढची तारीख दिली. जॉबकार्डवर फक्त गाडी आत आल्याची तारीख पडते, आपण कधी विचारलं होतं ते कुठेच नोंदलं जात नाही. अपॉइंटमेंटचा एसएमएस फोनमध्ये राहिला होता, म्हणून हे दाखवता आलं. शिवाय त्या सर्व्हिसनंतर ऑइल आणि फिल्टर बदलून गाडी हजारो किलोमीटर चालली होती. तेव्हाच्या २३ दिवसांनी आत्ता एकच बेअरिंग कसं गेलं, हे मेलमध्ये कुठेही सांगितलेलं नव्हतं.

दुसरं कारण "ऑइलमध्ये स्लज, देखभालीत हलगर्जी". पुरावा म्हणून दोन फोटो जोडलेले. एकात काळंकुट्ट ऑइल, दुसऱ्यात ऑइल कॅपच्या आतला पिवळसर थर. डिझेल इंजिनचं ऑइल बदलल्यावर काही शे किलोमीटरमध्येच काळं पडतं. ज्वलनातली काजळी धरून ठेवावी यासाठीच त्यात रसायनं घातलेली असतात, आणि काळा रंग हे ती काम करत असल्याचं लक्षण आहे. कॅपखालचा पिवळसर थर बहुतेकदा वाफेचा असतो. गाडी जवळच्या जवळ फिरली आणि इंजिन पुरतं तापलं नाही की तो धरतो. स्लज म्हणजे ऑइल घट्ट होऊन बसलेला गाळ. तो असेल तर इंजिनखाली ऑइल साठतं त्या चेंबरच्या तळाशी आणि पंपाच्या जाळीत सापडला पाहिजे. आम्हाला पाठवलेल्या फोटोंत चेंबरचा तळ नव्हता, जाळीही नव्हती. मागितले तेव्हा "काढले नाहीत" असं उत्तर आलं. ऑइलचा नमुना मागितला तर ते केव्हाच सांडऑइलच्या पिंपात गेलेलं.

मला सगळ्यात जास्त संताप याचा येतो. प्रयोगशाळेत ऑइलचा घट्टपणा, त्यातले धातूचे कण, शिल्लक राहिलेली क्षारता हे सगळं तपासता येतं. ज्या ऑइलवर सगळा ठपका ठेवला, तेच ओतून टाकलं.

तिसरं कारण वाचायला सगळ्यात साधं आणि सगळ्यात घातक. बेअरिंग हा "झिजणारा भाग" म्हणून कव्हरमध्ये नाही, आणि क्रँक आणि ब्लॉकचं नुकसान हे "परिणामी नुकसान" म्हणून कव्हरमध्ये नाही. इंजिन आतून बिघडतं ते कुठल्या तरी एका भागापासून, आणि बाकीचं त्याच्या मागोमाग जातं. पहिला भाग झिजेत धरला आणि उरलेले परिणामात, तर इंजिनचं कव्हर नेमकं कशाला मिळालं? पैसे घेताना हे कुणीही सांगितलेलं नव्हतं.

निर्णय कोण घेतं तेही तेव्हाच कळलं. सर्टिफिकेटवर गाडीच्या कंपनीचं नाव ठळक असलं, तरी क्लेम मंजूर-नामंजूर करणारी वेगळीच कंपनी होती. तिच्या कुणी माणसाने आमचं इंजिन पाहिलं नाही. वर्कशॉपने पाठवलेल्या फोटोंवर आणि वर्कशॉपच्याच अहवालावर निकाल लागला. क्लेम नामंजूर झाला की तेच वर्कशॉप तेच काम ग्राहकाच्या खिशातून करतं. हेतूबद्दल मी काही म्हणत नाही. पण ज्याच्या अहवालावर निकाल लागतो त्यालाच त्या नकारातून काम मिळावं, ही रचनाच गैर आहे.

मग दबाव सुरू झाला. निर्णय होत नसेल तर गाडी उभी ठेवण्याचं रोजचं भाडं लागेल, असं सांगितलं. पाठोपाठ "गुडविल"चा प्रस्ताव आला: पार्टवर काही टक्के सूट, पण "पूर्ण व अंतिम तडजोड, यापुढे कुठलीही तक्रार नाही" असं लिहिलेल्या कागदावर सही करायची. घरात एकच गाडी आणि आईची नियमित तपासणी, त्यामुळे तो कागद मोहात पाडणारा होता. आम्ही सही केली नाही. बिल भरताना पावतीच्या दोन्ही प्रतींवर "हरकत कायम ठेवून रक्कम भरली" असं लिहिलं आणि त्याच मजकुराचा मेल त्याच दिवशी पाठवला. जुने पार्ट मागितले तेव्हा ते कंपनीला जातात म्हणाले. क्लेम मंजूर झाला असता तर गेलेही असते. नामंजूर झाला, पैसे आम्ही भरले, म्हणून पार्ट आमचे; तसं लेखी दिल्यावर मिळाले.

ते पार्ट घेऊन आधी क्रँक ग्राइंडिंगवाल्याकडे गेलो आणि मग एका स्वतंत्र सर्व्हेअरकडे. ग्राइंडिंगवाल्याने चारही सिलिंडरच्या बेअरिंगच्या वाट्या ओळीने मांडल्या आणि म्हणाला, "गाळाने ऑइल अडलं असतं तर सगळ्यांवर ओरखडे दिसले असते. बाकीच्या तीन बघा, स्वच्छ आहेत." सर्व्हेअरने मापं घेऊन तेच लेखी दिलं.

मोटार इन्शुरन्सकडून काही मिळेल ही आशा ठेवू नका. साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि झीज वगळलेली असते.

मार्ग आहे तो ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे आदेश निघत नाही, पण कंपनीचं लेखी उत्तर मिळतं आणि ते पुढे उपयोगी पडतं. मग जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस दिल्लीला असलं तरी. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि तक्रार ऑनलाइन दाखल होते. वस्तूतला दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. मात्र पाठवण्याजोगं काही शिल्लक असायला हवं.

म्हणून ज्यांची गाडी आत्ता वर्कशॉपमध्ये उभी आहे त्यांनी खोलण्याच्या फॉर्मवर सही करतानाच त्याच कागदावर लिहावं की ऑइल माझ्यासमोर काढायचं, अर्धा लिटर स्वच्छ बाटलीत दोघांच्या सहीने सीलबंद करून मला द्यायचं, आणि चेंबर, जाळी, फिल्टर आणि सगळ्या बेअरिंगचे फोटो निघाल्याशिवाय काही धुवायचं नाही. नाही म्हणाले तर तो नकार मेलवर मागा. खोलताना स्वतः हजर राहा, जमलं तर ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या. सर्व्हिसच्या बिलांबरोबर अपॉइंटमेंटचे एसएमएससुद्धा जपून ठेवा. "सिस्टीममध्ये रिजेक्ट दाखवतंय" एवढ्यावर परत येऊ नका. कारण, अटीचा क्रमांक आणि तारीख लेखी घ्या. तक्रारीची मुदत २ वर्षांची असते आणि ती मोजायला ती तारीख लागते.

आमची तक्रार पुण्याच्या जिल्हा आयोगापुढे चालू आहे. समोरच्यांचं लेखी म्हणणं आलं आहे. आम्ही तक्रारीला एसएमएस जोडल्यानंतर आलेल्या त्या म्हणण्यात सर्व्हिसच्या २३ दिवसांच्या उशिराचा उल्लेखच नाही.