बॅच भरायची वाट : शॉर्ट-रीड की नॅनोपोअर?

लहान शहरांत विषाणू-प्रयोगशाळा सांभाळणारे दोघे-तिघे ओळखीचे हल्ली एकच प्रश्न विचारतात. साथ कशी पसरतेय हे विषाणूच्या जीनोमवरून (संपूर्ण जनुकीय अक्षरमालेवरून) शोधायचंय, तर जीनोम छोट्या छोट्या तुकड्यांत वाचणारं शॉर्ट-रीडचं मोठं यंत्र घ्यावं की सूक्ष्म छिद्रांतून (पोअर) जीनोमचे धागे सरकवत वाचणारं, लॅपटॉपला जोडायचं नॅनोपोअर? मी दोन्हींवर काम केलंय, म्हणून अनुभव एकदाच लिहून ठेवतो. कुठल्या यंत्रातून किती गिगाबेस (अब्ज अक्षरं) निघतात ते माहितीपत्रकात मिळेल.

आधी आपला प्रश्न कोणता ते ठरवा. ‘विषाणूत काय बदललं’ हा एक प्रश्न आणि ‘तो कुठून कुठे गेला’ हा दुसरा. पहिल्याचं उत्तर महिनाभराने आलं तरी चालतं. दुसऱ्याचं उत्तर संपर्क शोधणारी माणसं अजून दारोदार फिरत असतील तेव्हाच उपयोगाला येतं.

दुसऱ्या प्रश्नाची एक मर्यादाही आहे. कोरोनाचा जीनोम 29,903 अक्षरांचा आणि त्यात टिकून राहणारे बदल महिन्याला साधारण दोन. त्यामुळे एकाच इमारतीत आठवड्याभरात लागण झालेल्यांचे जीनोम बरेचदा हुबेहूब सारखे निघतात. ‘याने त्याला दिला’ असं त्यावरून छातीठोकपणे सांगता येत नाही. ‘या दोघांचा एकमेकांशी संबंध नाही’ हे मात्र खूपदा ठामपणे सांगता येतं. माझ्या मते साथीच्या मैदानात जीनोमचा सर्वांत मोठा उपयोग हाच.

शॉर्ट-रीडचं बलस्थान अचूकता. एकाच रुग्णाच्या शरीरात थोड्या प्रमाणात असलेले वेगळे विषाणू पाहायचे असतील, तर मी आजही तिकडेच जाईन. अक्षर न् अक्षर महत्त्वाचं ठरतं अशी कोडीही असतात. गिनीत 2021च्या फेब्रुवारीत इबोला पुन्हा उगवला, तेव्हा त्या विषाणूत 2014-16च्या साथीतल्या विषाणूपेक्षा अपेक्षेहून कितीतरी कमी बदल दिसले. त्यावरून तो प्राण्यांमधून नव्याने आला नसावा, जुन्या साथीतून वाचलेल्या कुणाच्या तरी शरीरात वर्षानुवर्षं टिकून राहिला असावा, असा निष्कर्ष निघाला. अशा कामात चुकीची दोन-चार अक्षरंही भलतीकडे नेऊ शकतात.

नॅनोपोअरचा कमकुवतपणा तुम्हाला माहीत असेल. एकच अक्षर सलग पाच-सहा वेळा आलं की त्याची मोजणी चुकते. नव्या आर-10 पोअरमध्ये हे बरंच सुधारलंय, तरी वाचनचौकट (अक्षरांचे तीन-तीनचे गट) मोडणारा एखादा डिलीशन, म्हणजे गळलेली अक्षरं, दिसला की मी अजूनही आधी शंका घेतो आणि कच्चे रीड (यंत्राने वाचलेले मूळ तुकडे) उघडून बघतो. फ्लो सेल (हे पोअर बसवलेले, यंत्रात घालायचे सुटे भाग) फ्रिजमध्ये सांभाळावे लागतात आणि नुसते पडून राहिले तरी त्यांतले चालू पोअर कमी होत जातात.

प्रायमरच्या, म्हणजे जीनोमचा हवा तो तुकडा वाढवून घ्यायला लागणाऱ्या छोट्या डीएनए तुकड्यांच्या बाबतीत दोन्हींत डावं-उजवं नाही. कोरोनाच्या डेल्टा प्रकाराच्या वेळी आर्टिक या प्रायमर-संचाच्या तिसऱ्या आवृत्तीतला 72 क्रमांकाचा तुकडा नीट वाढत नव्हता आणि स्पाइक प्रथिनातला जी-142-डी हा बदल कितीतरी जीनोममध्ये दिसायचाच राहून गेला. तो दोष प्रायमरचा होता. कुठलंही यंत्र घेतलंत तरी प्रायमरवर लक्ष ठेवावंच लागेल.

आता ज्या गोष्टीवर माझा निर्णय झाला तिच्याबद्दल.

2022च्या जानेवारीत एका वसतिगृहातून आमच्याकडे अकरा पॉझिटिव्ह नमुने आले. नऊ विद्यार्थिनींचे आणि दोन मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या मावशींचे. लागण मेसमधूनच पसरली असं सगळ्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मेस बंद झाली आणि दोघी मावशींना बिनपगारी घरी बसवलं. आमच्याकडे तेव्हा शॉर्ट-रीडचीच सोय होती. अकरा नमुने लावा नाहीतर शहाण्णव, यंत्राच्या एका फेरीच्या, म्हणजे रनच्या साहित्याचा खर्च जवळपास तोच. त्यामुळे बॅच भरल्याशिवाय रन लावायचा नाही असा नियम होता, आणि पैशांच्या हिशेबाने तो चूक नव्हता. नमुने उणे 80 अंशांच्या फ्रीझरमध्ये थांबले. अहवाल एकोणिसाव्या दिवशी हातात आला.

नऊही विद्यार्थिनींमध्ये कोरोनाच्या ओमिक्रॉन प्रकारातला बीए.2 होता. दोघी मावशींमध्ये बीए.1. दोन वेगळ्या शाखा, म्हणजे लागण वेगवेगळ्या ठिकाणाहून आलेली. मुलींना मावशींकडून काही झालं नव्हतं. पण तोवर वसतिगृह रिकामं झालं होतं आणि मेसला नवी माणसं लागली होती. उत्तर तर फ्रीझरमध्ये पहिल्या दिवसापासून होतं. ती बॅच भरण्याची वाट मला अजूनही टोचते.

पुढे नॅनोपोअर आल्यावर असाच एक लहान समूह आला, सात नमुन्यांचा. सकाळी काम सुरू केलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लिनिएज (विषाणू कुठल्या शाखेचा ते) हातात होते. रीड येतील तसं कव्हरेज (जीनोमचा कुठला भाग किती वेळा वाचला गेला ते) पडद्यावर दिसतं, पुरेसं झालं की रन थांबवायचा, फ्लो सेल धुऊन पुढच्या वेळी वापरायचा. हा एका प्रयोगशाळेचा अनुभव आहे, मोजूनमापून केलेला अभ्यास नव्हे.

तरी हा फरक माझ्यापुरताच नसावा. सिएरा लिओनमधल्या 2014च्या साथीत 78 रुग्णांचे 99 इबोला जीनोम वाचले गेले ते अमेरिकेत. त्या कामाने साथीची साखळी माणसाकडून माणसाकडेच चाललीय हे दाखवलं. शोधनिबंध छापून येण्याआधी त्याच्या लेखकांपैकी पाच जण इबोलानेच गेले. त्यांच्या कामाबद्दल मनात आदरच आहे. पुढच्या वर्षी गिनीत एक पथक नॅनोपोअर यंत्रं विमानातल्या साध्या सामानातून घेऊन गेलं. विजेचा आणि इंटरनेटचा भरवसा नसताना त्यांनी 142 नमुने वाचले, आणि नमुना आल्यापासून चोवीस तासांच्या आत निकाल देता येतो हे दाखवलं. विषाणू गिनी आणि सिएरा लिओनची सीमा पुन्हा पुन्हा ओलांडतोय हे साथ चालू असतानाच समजत गेलं.

तेव्हा तुमच्याकडे आठवड्याला दोन-तीनशे नमुने खात्रीने येणार असतील, तर मोठं यंत्र घ्या. बॅच आपोआप भरेल आणि प्रति-नमुना खर्चही बहुधा कमी पडेल. पण नमुने पाच-दहाच्या पुंजक्यांनी येत असतील, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ते तसेच येतात, तर मी नॅनोपोअरकडे झुकेन. किचकट नमुने नंतर कुठल्याही मोठ्या केंद्रावर पाठवून पडताळता येतात.

घेतलंत तर दोन गोष्टी पाळा. फ्लो सेल आला त्याच दिवशी चालू पोअर मोजा, कमी भरले तर बदलून मागता येतो. आणि धुतलेल्या फ्लो सेलवर मागच्या वेळचे बारकोड (कुठला नमुना कुणाचा ते ओळखायला जोडलेले डीएनए तुकडे) पुन्हा लावू नका, निगेटिव्ह कंट्रोल (विषाणू नसलेला नमुना) तर दरवेळी लावाच. आधीच्या रनचे उरलेसुरले रीड मिसळले, तर ज्या दोघांचा काही संबंध नाही त्यांचे जीनोम सारखे दिसू लागतील.