हादरा डोळ्यांना द्यायचा की पाठीला? लढाऊ फ्लाइट सिम्युलेटरसाठी चार पर्याय

लढाऊ सिम्युलेटर काही महिने उडवले की एक उणीव टोचायला लागते. विमान दिसतं, ऐकू येतं, पण अंगाला काहीच कळत नाही. ती भरून काढायचे मार्ग चार: गेममधली पडद्याची थरथर, खुर्चीतलं कंपन, फोर्स फीडबॅक स्टिक आणि अख्खी बैठक हलवणारा मोशन प्लॅटफॉर्म. माझा कौल आधीच सांगतो: पहिला खर्च खुर्चीवर करा आणि पडद्याची थरथर जवळजवळ शून्यावर आणा. बहुतेक जण याच्या बरोबर उलट करतात, म्हणून कारणं जरा विस्ताराने.

आत्ता वाचता वाचताच मान डावी-उजवीकडे भराभर हलवून बघा. अक्षरं वाचता येतात. आता मान स्थिर ठेवा आणि फोन तेवढ्याच वेगाने हलवा. सगळं पुसट. डोकं हललं की आतल्या कानातलं संतुलनाचं इंद्रिय डोळ्यांना उलट दिशेला फिरवतं, तेही सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. म्हणून खऱ्या कॉकपिटमध्ये वैमानिकाचं अंग खिळखिळं होत असलं तरी क्षितिज त्याला बऱ्यापैकी स्थिर दिसतं. पडदा हलतो तेव्हा मात्र कानाला कसलीच खबर नसते, डोळा सावरत नाही, आणि समोरचं विमान नेमकं नेम धरायच्या क्षणी फरकाटतं. कॉकपिटमधल्या व्हिडिओंत सगळं गदगदताना दिसतं ते कॅमेरा विमानाच्या सांगाड्याला आवळलेला असतो म्हणून. कॅमेऱ्याला आतला कान नसतो. आपण ते बघून ‘खरं असंच असतं’ असं धरून बसलो.

याला एक अपवाद आहे. हेल्मेटच्या काचेवर उमटणारी चिन्हं डोक्याबरोबरच हलतात. डोळा सवयीने उलट फिरतो आणि खऱ्या वैमानिकालाही ते आकडे जोरदार कंपनात वाचायला जड जातात. कुठल्या गेमने फक्त त्या चिन्हांना थरथर दिली तर मी ती आनंदाने चालू ठेवेन.

व्हीआर हेडसेट असेल तर हा मुद्दा पसंतीचा राहत नाही, पोटाचा होतो. दृश्य हलतंय आणि शरीर स्थिर, यातूनच मळमळ सुरू होते. डीसीएस या लढाऊ सिम्युलेटरमध्ये जी-फोर्समुळे (वळणात अंगावर येणाऱ्या भारामुळे) डोकं हलण्याचा पर्याय सेटिंगमध्ये आहे, तो आधी बंद करा. साधा मॉनिटर आहे आणि सध्या दुसरं काही घेणं शक्य नाही, तर थरथर अगदी बारीक ठेवा. स्टॉल, म्हणजे पंखाची उचल तुटून विमान कोसळू लागणं, जवळ आल्याची सूचना तेवढ्यानेही मिळते.

आता खुर्ची. इथे कंपन सजावट राहत नाही, बातमी होते. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश स्पिटफायरच्या पंखाला मुळापासून टोकाकडे हलका पीळ दिलेला होता, त्यामुळे पंखाचं मूळ आधी स्टॉल व्हायचं. तिथली विस्कटलेली हवा शेपटीवर आदळायची आणि विमान थरथरून वैमानिकाला आधीच सांगायचं की आता आणखी ओढू नकोस. सिम्युलेटरमध्ये वळण घट्ट करत जा. मान मागे वळवून शत्रूकडे बघताय, वेगाच्या काट्याकडे लक्ष नाही, आणि तेवढ्यात मांडीखाली बारीक खरखर सुरू होते. स्टिक एक केस पुढे सोडली की खरखर थांबते, पुन्हा ओढली की परत येते. तिच्या काठावर विमान धरून ठेवता आलं की वळणाची लढाई निम्मी तिथेच जिंकलेली असते. जर्मन फॉक-वुल्फ १९० याच्या उलट: जवळपास काहीही न सांगता झटक्यात एका पंखावर कोसळणारं. हा दोन विमानांच्या स्वभावातला फरक डोळ्यांपेक्षा पाठीला लवकर समजतो.

खुर्चीत दोन जाती आहेत. जेटसीटसारखी गादी खुर्चीवर टाकायची, यूएसबीला जोडायची, झालं. तिच्यात लहान मोटरी वेगवेगळ्या जागी असतात, त्यामुळे डाव्या पंखाकडचा धक्का डावीकडे जाणवतो. पण तिचं कंपन मोबाइलच्या जातीचं, गुणगुणणारं. दुसरी जात बेस शेकरची: कागद नसलेला स्पीकरच म्हणा, खुर्चीच्या तळाला बोल्टने आवळायचा. त्याला वेगळा अँप्लिफायर लागतो, वायरी ओढाव्या लागतात, पण धक्का हाडांपर्यंत पोचतो.

कुठला शेकर घ्यावा हे तुम्ही काय उडवता त्यावर ठरतं, आणि ते साध्या भागाकाराने कळतं. ए-१० ची तोफ मिनिटाला ३,९०० गोळ्या झाडते, म्हणजे सेकंदाला ६५. एफ-१६ मधली व्हल्कन तोफ मिनिटाला ६,०००, म्हणजे सेकंदाला १००. ही कंपनं छोटा शेकरही झकास देतो. ह्यूई हेलिकॉप्टरचा रोटर मात्र मिनिटाला ३२४ फेरे घेतो आणि त्याला पाती दोन. म्हणजे सेकंदाला जेमतेम ११ हादरे. २० हर्ट्‌झच्या खाली लहान शेकरची ताकद ओसरते, त्यामुळे ह्यूईची ती जडशीळ धपधप हवी असेल तर मोठाच शेकर लागेल. हेलिकॉप्टर उडवणाऱ्यांनी इथे काटकसर करू नये.

शेकरला काय पाजता हेही तितकंच महत्त्वाचं. गेमचा आवाजच सरळ अँप्लिफायरला दिला तर स्फोट छान वाटतात, पण शेजारून गेलेल्या विमानाची घरघरही तुमच्या पाठीत शिरते आणि स्टॉलची सूचना त्या गोंगाटात बुडते. सिमशेकर किंवा सिमहॅप्टिकसारखं सॉफ्टवेअर गेमकडून टेलिमेट्री, म्हणजे विमानाच्या स्थितीचे आकडे घेतं: वेग, अँगल ऑफ अटॅक (पंख हवेला सामोरा जातो तो कोन), जी-भार, चाकं, फ्लॅप (पंखाच्या मागच्या झडपा). कंपन त्या आकड्यांवरून तयार होतं. घ्यायचं ते यासाठी.

माझी सुरुवात चुकली होती. पहिला शेकर मी टेबलाखाली लावला, मॉनिटरही त्याच टेबलावर. तोफ सुरू झाली की मॉनिटरच थरथरायचा. जी पडद्याची थरथर मी सेटिंगमधून बंद केली होती ती मागच्या दाराने परत आली. शेकर थेट खुर्चीच्या बैठकीखाली हलवला आणि खुर्चीच्या पायांखाली जाड रबराचे तुकडे घातले तेव्हा कंपन अंगात राहिलं, जमिनीत जायचं थांबलं. हेड ट्रॅकिंग (डोकं वळेल तसं दृश्य फिरवणारी सोय) वापरत असाल तर आणखी एक: कंपन फार वाढवलं की हेडफोनवरची क्लिप हलते आणि दृश्य पुन्हा नाचू लागतं.

फोर्स फीडबॅक स्टिकचं काम वेगळं आहे. मुठीत मोटर असलेल्या साध्या स्टिक फक्त गुणगुणतात; खरी फोर्स फीडबॅक स्टिक हाताला विरोध करते. वेग वाढला की जड होते, वेग मेला की मेल्यासारखी लुळी पडते. ट्रिम (हात न लावता विमान सरळ राहावं म्हणून करायची जुळवणी) लावला की तिचा मध्यच सरकतो, आणि हेलिकॉप्टरमध्ये सोडाल तिथे थांबते. मायक्रोसॉफ्टची साइडवाइंडर फोर्स फीडबॅक २ बंद होऊन जमाना झाला तरी लोक ती जपून वापरतात, ते यासाठीच. आता व्हीपीफोर्स, मोझा यांच्या नव्या स्टिक आहेत, ताकदीने कितीतरी पुढच्या आणि किमतीनेही. दुसऱ्या महायुद्धातली विमानं किंवा हेलिकॉप्टर हाच तुमचा जीव असेल तर खुर्चीनंतरचा पैसा इथेच घाला. पण एफ-१६ उडवत असाल तर थांबा. त्या विमानाची स्टिक सुरुवातीला तर हलतच नव्हती, नंतर तिला नावापुरती हालचाल दिली. ती हाताचा दाब मोजते. हवेचा भार तिथे खऱ्या वैमानिकालाही हातात कळत नाही.

मोशन प्लॅटफॉर्मबद्दल थोडक्यात. झुकणं, उडी, धावपट्टीचे गचके तो सुंदर देतो. घट्ट वळणातला दीर्घ जी-भार कुठलाच घरगुती प्लॅटफॉर्म देऊ शकत नाही, आणि लढाऊ उड्डाणात भार असतो तो प्रामुख्याने हाच. जागा, आवाज, देखभाल हे सगळं आहेच. पहिली खरेदी म्हणून तो मी कुणालाच सुचवणार नाही.

शेकर किंवा गादी आली की सगळे इफेक्ट एकदम चालू करू नका. आधी फक्त स्टॉलची थरथर लावा आणि आठवडाभर तेवढ्यावर उडा. मग चाकं आणि फ्लॅप, मग तोफ. इंजिन सर्वांत शेवटी, आणि इतकं हळू की मुद्दाम लक्ष दिलं तरच जाणवेल. इंजिन सतत चालू असतं; ते मोठं ठेवलं की मांडी अर्ध्या तासात बधिर होते आणि ती बारीक खरखर सुरू झाली तरी तुम्हाला कळत नाही.