हायपरडीबी, काही महिन्यांच्या वापरानंतर: रीडची चिंता मिटते, राइटची नाही

हायपरडीबी हे वर्डप्रेसचं प्लगिन डेटाबेसच्या क्वेरी अनेक सर्व्हरवर वाटून देतं. वर्डप्रेसमागे मायएसक्यूएलचा एक प्रायमरी (लिहिण्याचा मुख्य सर्व्हर) आणि दोन रेप्लिका (त्याच्या सतत अपडेट होणाऱ्या प्रती) आधीच चालू असतील, तर हायपरडीबी बसवणं अवघड नाही. डीबी-कॉन्फिग.पीएचपी ही फाइल डब्ल्यूपी-कॉन्फिगच्या शेजारी आणि डीबी.पीएचपी डब्ल्यूपी-कंटेंटमध्ये. अ‍ॅक्टिव्हेट करायचं बटण नाही. दुसरी फाइल जागेवर पडली की प्लगिन चालू. म्हणून आधी कॉन्फिग पूर्ण करा, मगच डीबी.पीएचपी टाका.

कॉन्फिगमध्ये प्रत्येक सर्व्हरला 'रीड' आणि 'राइट' असे दोन आकडे द्यायचे. लहान आकडा आधी, आणि 0 म्हणजे तो सर्व्हर त्या कामाला नाहीच. आकडा सारखा असेल तर निवड रँडम. लोड बॅलन्सिंग एवढंच. वेट (कोणाला किती भार, याचं प्रमाण) देता येत नाही, म्हणून रेप्लिका सारख्याच ताकदीच्या हव्यात. रेप्लिकांना रीड 1, राइट 0 आणि प्रायमरीला राइट 1, रीड 2 ही मांडणी उत्तम चालते: रेप्लिका पडल्या तर रीड आपोआप प्रायमरीवर जातात. टाइमआउट मुळात 0.2 सेकंद आहे, त्यामुळे मेलेल्या सर्व्हरवर पान ताटकळत नाही. वेगळ्या डेटासेंटरमधल्या रेप्लिकेला मात्र तो वाढवून द्या.

हे सगळं इतकं गुपचूप होतं की दोन्ही रेप्लिका बंद असल्या तरी साइट चालू दिसते आणि सगळा भार प्रायमरीवर असतो. मॉनिटरिंग वेगळं लावाच.

लॅगच्या, म्हणजे रेप्लिका प्रायमरीच्या मागे पडण्याच्या बाबतीत 'लॅग_थ्रेशहोल्ड' हा मर्यादेचा आकडा नुसता लिहून काही होत नाही. लॅग मोजणारा आणि कॅशेतून वाचणारा, असे दोन कॉलबॅक (हायपरडीबी स्वतः बोलावतं ती तुमची फंक्शन्स) नोंदवावे लागतात. मोजमाप पीटी-हार्टबीट (प्रायमरीवर ठरावीक वेळाने वेळेची नोंद करणारं टूल) च्या टेबलावरून घ्या. मायएसक्यूएल स्वतः दाखवतं त्या 'सेकंड्स बिहाइंड' वर विसंबू नका: नेटवर्क मंद असताना रेप्लिकेपर्यंत इव्हेंटच पोचलेले नसतात आणि तो आकडा खुशाल 0 दाखवतो. कॅशेची मुदत लांब ठेवली, तर मागे पडलेली रेप्लिका तेवढा वेळ ठणठणीत समजली जाते. पडताळायला एका रेप्लिकेवर फक्त एसक्यूएल थ्रेड (आलेले बदल लावणारा भाग) थांबवा आणि क्वेरी कुठे जातात ते बघा.

सर्वांत जास्त तक्रारी येतात त्या 'सेव्ह केलं, पण जुनंच दिसतंय' या. एखाद्या टेबलात लिहिलं की त्याच रिक्वेस्टमधले त्या टेबलाचे पुढचे रीड प्रायमरीवर जातात, ही सोय छानच आहे. पण सेव्हनंतर रीडायरेक्ट झालं की नवी रिक्वेस्ट सुरू होते, आणि ती हे सगळं विसरलेली असते. उपाय: कॉन्फिगमध्येच 'सेंड_रीड्स_टू_मास्टर्स' (सगळे रीड प्रायमरीवर पाठवणारं फंक्शन) बोलवा. अट फक्त 'इज_अ‍ॅडमिन' ची (पान डॅशबोर्डचं आहे का, ही तपासणी) ठेवलीत तर ब्लॉक एडिटर निसटतो, कारण तो रेस्ट एपीआयमधून सेव्ह करतो आणि तिथे ती अट खोटी ठरते. लॉगिनची कुकी तपासणं जास्त भरवशाचं.

'सिलेक्ट… फॉर अपडेट' (वाचतानाच ओळी लॉक करणारी क्वेरी) वापरणारं प्लगिन असेल तर सावध. क्वेरीची सुरुवात 'सिलेक्ट'ने होते, म्हणून ती रीड मानली जाते आणि लॉक भलत्याच सर्व्हरवर पडतो.

आता राइट. हायपरडीबी रेप्लिकेला प्रायमरी बनवत नाही. प्रायमरी पडला तर दुसरीकडे लिहावं म्हणून एखाद्या रेप्लिकेला राइट 2 देण्याचा मोह होतो, तो टाळाच. 0.2 सेकंदांची नेटवर्कची उचकी लागली तरी एखादी राइट रेप्लिकेवर जाते, दोन्हीकडे नव्या ओळीला तोच ऑटो-इन्क्रिमेंट (आपोआप वाढणारा) क्रमांक दिला जातो आणि रेप्लिकेशन डुप्लिकेट की च्या एररवर थांबतं. डेटा जुळवत बसण्यापेक्षा काही मिनिटं राइट बंद राहिलेले परवडले. रेप्लिकांवर 'सुपर_रीड_ओन्ली' (कोणालाच लिहू न देणारं सेटिंग) चालू ठेवा. कॉन्फिगमध्ये प्रायमरीचा थेट पत्ता न देता व्हर्च्युअल आयपी (एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवता येणारा पत्ता) द्या. बदली करताना आधी जुना प्रायमरी पक्का बंद करा, रेप्लिकेने आलेले सगळे इव्हेंट लावून होऊ द्या, मग तिचं रीड-ओन्ली काढा आणि शेवटी आयपी हलवा.

प्रमोशनही (रेप्लिकेला प्रायमरी बनवणं) आपोआप हवं असेल तर हे प्लगिन पुरणार नाही. ते काम ऑर्केस्ट्रेटरसारख्या टूलकडे द्या. वाचकांची गर्दी मोठी आणि लिहिणारे मोजके, अशा साइटवर मात्र हायपरडीबी बिनधास्त वापरा.