शहागंजच्या पतंगवाल्या चाचांकडून ग्लायडर दुरुस्त करून घेतलं, त्याबद्दल

दुकानाला पाटी नाही, म्हणून नाव देता येत नाही. संभाजीनगरात शहागंजच्या टॉवरकडून आत गल्लीत शिरा आणि ‘कंदीलवाले चाचा’ म्हणून विचारा, कुणीही दाखवतं. पतंग, आकाशकंदील, लग्नातल्या कागदी झिरमिळ्या हा त्यांचा धंदा. माझं काम, म्हणजे इंजिनाविना उडणाऱ्या विमानाचं जुनं मॉडेल, त्यातलं नव्हतं, तरी त्यांनी घेतलं.

आमचे थोरले बंधू, अण्णा, कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगला होते. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला जाऊन ‘रोहिणी’त बसून आले होते. हे आपल्याकडेच बनलेलं ग्लायडर, १९६१ साली पहिल्यांदा उडालेलं. त्यात दोघं मागे-पुढे नाही, शेजारी-शेजारी बसतात. हे अण्णा प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. त्याच वर्षी त्यांनी बाल्साचं, म्हणजे अगदी हलक्या लाकडाचं, ए-टू या स्पर्धेच्या वर्गातलं मॉडेल ग्लायडर केलं. त्याला इंजिन नाही, रिमोट नाही. ५० मीटर दोरी घेऊन अण्णा वाऱ्याच्या तोंडाला पळायचे, मी मागे ग्लायडर डोक्यावर धरून उभा. ते ‘सोड’ म्हणाले की सोडायचं, ढकलायचं नाही. ढकललं की शिव्या.

अण्णा मागच्या वर्षी गेले. ग्लायडर अंबडकडच्या घरी माळवदाच्या खोलीत टांगलेलं होतं. पावसात माळवद गळलं आणि डाव्या पंखावर मातीचा ढिगारा पडला. राहिलेलं उंदरांनी बघितलं. वहिनी म्हणाल्या, टाकू नका, काहीतरी करा.

जालन्यात एका सुताराला दाखवलं. त्यानं बोटानं दाबून बघितलं आणि म्हणाला, प्लायचं नवीन करून देतो, मजबूत होईल. त्याच पावली परत आलो. पुण्या-मुंबईला मॉडेलवाले आहेत, पण ही काडी-काडी कुरिअरात घालायचा धीर झाला नाही.

चाचांनी मात्र आधी हातच लावला नाही. चष्मा लावून दिव्यासमोर धरलं आणि बघत बसले. मग पंखाच्या मुळाशी बोट नेलं. तिथं अण्णांनी कधीतरी पोस्टकार्डाचा तुकडा चिकटवून तडा सांधला होता. जरा वाकडाच होता तो तुकडा, वर गोंदाचा पिवळा ओघळ. चाचा म्हणाले, “भाईसाब, ये जोड उनका है ना? इसको निकालना क्या?” मी नको म्हणालो. “फिर नक्को,” म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला आणि बाजूनं नवीन काम केलं. दुरुस्ती करणाऱ्यानं आधी विचारावं, एवढीच आपली अपेक्षा असते. ती इथं पुरी होते.

आता कामाचं. मोडलेल्या रिबा, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आतल्या फासळ्या, त्यांनी जुन्या रिबेवरून छापून बाल्साच्याच कापल्या. बाल्सा मी मागवून दिला होता. शेपटीच्या दांड्याला त्यांना बांबूची कामटी लावायची होती, त्यावर आमची थोडी हुज्जत झाली. शेपटीकडे एक ग्रॅम वाढला की तोल सांभाळायला नाकात तीन-चार ग्रॅम शिसं घालावं लागतं. हे त्यांना पतंगाच्या कण्या बांधून दाखवल्यासारखं सांगितलं, लगेच पटलं. मग कामटी तासून तासून इतकी बारीक केली, की वाऱ्यानं उडेल.

कागद पतंगाचाच वापरला. चिकटवायला मैद्याची खळ, पण त्यात चिमूटभर मोरचूद घातलेलं, म्हणजे कसर लागत नाही. हे मला ठाऊक नव्हतं. कागद बसला की पाण्याचा बारीक फवारा. वाळताना कागद ताणून ढोलकीसारखा होतो. वरून डोप, म्हणजे कागद घट्ट करणारं रोगण लागतं, ते इथं कुठं मिळायचं? डोप म्हणजे नायट्रोसेल्युलोजच, म्हणून फर्निचरवाल्यांचं एनसी लॅकर निम्मं थिनर घालून मारलं. त्यात दोन-चार थेंब एरंडेल, नाहीतर लॅकर आवळत जातं आणि पंख मुरडतो. एरंडेलाचं अण्णांच्या वहीत लिहिलेलं होतं. चाचांनी ते आपल्या वहीत उतरवून घेतलं, उर्दूत.

तक्रारी दोन. एक, पिवळा कागद पाण्यानं सुटला आणि पांढऱ्या पट्ट्यावर ओघळला. रंगीत कागद असेल तर आधी तुकडा भिजवून बघा म्हणावं. दुसरी मोठी. पंखाच्या टोकांना मागची कड किंचित वर उचललेली असते, वॉशआउट म्हणतात. ती मुद्दाम असते. वेग कमी झाला तरी टोक आधी पडत नाही. चाचांना वाटलं पंख मुरडलाय. पाटावर टाचण्या मारून त्यांनी तो छान सरळ केला! पुन्हा किटलीच्या वाफेवर धरून पीळ द्यावा लागला. त्याचे पैसे घेतले नाहीत, पण एक तारा मी कापला तो ह्याचाच. असलं काही नेणार असाल तर काय सरळ हवं आणि काय तिरकं, कागदावर लिहून द्या.

वजन आधीपेक्षा थोडं वाढलं. ए-टूला किमान ४१० ग्रॅम लागतात, जास्तीची मुभा आहे, त्यामुळे बिघडलं काही नाही. मोंढ्यामागच्या मोकळ्या रानात हातानं सोडून बघितलं, सरळ गेलं, डावीकडे जरासं वळून गवतात टेकलं. दोरी घेऊन पळायला आता माझे गुडघे नाहीत. पुतण्या म्हणतो मी पळतो, पण त्याला ‘ढकलू नको’ शिकवायचंय.

मजुरी २,२०० रुपये घेतली, साहित्य वेगळं. यूपीआय चालतं. घासाघीस केलेली त्यांना आवडत नाही. दिवाळी ते संक्रांत जाऊ नका, तेव्हा कंदील आणि पतंगांपुढं ते कुणाचं ऐकत नाहीत. उन्हाळ्यात जा, दुपारच्या नमाजानंतर. गाडी टॉवरपाशीच लावा, आत स्कूटीसुद्धा वळत नाही.

पाचपैकी चार.