हौशी की व्यावसायिक? सही करण्याआधी नियम शेजारी ठेवून पाहावेत

रत्नागिरी, मालवण किंवा अलिबागच्या एखाद्या व्यायामशाळेत पाच-सहा वर्षे बॉक्सिंगसाठी घाम गाळून एकोणिसाव्या वर्षात आलेल्या मुलापुढे, आणि त्याच्याइतकाच त्याच्या आईवडिलांपुढे, हौशी स्पर्धांची वाट धरून राहावे की मानधनाच्या व्यावसायिक लढतींकडे वळावे, हा प्रश्न कधीतरी उभा राहतोच. २००८ साली बीजिंगमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या विजेंदर सिंगने २०१५ मध्ये व्यावसायिक बॉक्सिंग स्वीकारले, हे उदाहरण डोळ्यांसमोर असते आणि चर्चा पैसा व प्रसिद्धी यांपाशीच अडकते. माझ्या मते निर्णय नियमांवरून घ्यावा. हौशी नियम असे धरून चालतात की खेळाडूची काळजी स्पर्धा भरवणारे घेतील. व्यावसायिक नियमांत त्या काळजीचा मोठा वाटा खेळाडूच्या स्वतःच्या माणसांवर येतो.

सर्वांत ठळक फरक वेळेचा आहे. हौशी लढत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, म्हणजे नऊ मिनिटांची असते. व्यावसायिक क्षेत्रात नवख्याला चार फेऱ्या मिळतात, पण जागतिक किताबाची लढत पुरुषांसाठी बारा फेऱ्यांची असते. पूर्वी ती पंधरा फेऱ्यांची होती. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास व्हेगासला रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत कोसळलेला कोरियाचा किम दुक-कू काही दिवसांत मरण पावला, त्यानंतर जागतिक बॉक्सिंग परिषदेने फेऱ्या बारावर आणल्या आणि इतर संघटनांनी पुढच्या काही वर्षांत तेच केले. थकलेल्या शरीराची मान सैल पडते आणि ठोसा चुकवण्याची चपळाई उरत नाही. म्हणूनच शेवटच्या फेऱ्या पहिल्या फेऱ्यांपेक्षा अधिक धोक्याच्या ठरतात. हौशी स्पर्धेत मात्र थोड्या दिवसांत अनेक लढती कराव्या लागतात, हेही विसरू नये.

हातमोज्यांचा फरक आकड्यांत लहान दिसतो. व्यावसायिक लढतीत साधारण ६७ किलोपर्यंत आठ औंसांचे आणि त्यावर दहा औंसांचे मोजे वापरतात. हौशी लढतीत वजनगटानुसार दहा किंवा बारा औंसांचे. हौशी स्पर्धेत मोजे आयोजकच देतात. व्यावसायिक लढतीत हातांना पट्ट्या बांधताना प्रतिस्पर्ध्याचा माणूस समोर उभा राहून पाहतो, आणि हा अविश्वास अनुभवातून आलेला आहे. १९८३ साली न्यूयॉर्कमध्ये लुइस रेस्टोच्या मोज्यांतले अस्तर काढलेले आढळले, तोवर बिली कॉलिन्सच्या डोळ्यांना कायमची इजा झाली होती. उलट २००९ मध्ये अँटोनियो मार्गारितोच्या पट्ट्यांतील कडक गाद्या लढतीआधीच पकडल्या गेल्या, त्या समोरच्या कोपऱ्यातला माणूस जागा होता म्हणून. आपल्या मुलाच्या बाजूने तिथे कोण उभे राहणार, याचे उत्तर आधी हवे.

हेडगार्डवरून, म्हणजे डोक्यावरच्या संरक्षक टोपीवरून, निर्णय घेऊ नये. प्रौढ पुरुषांच्या हौशी लढतींतूनही ते २०१३ मध्ये गेले. हेडगार्ड कापणे-खरचटणे टाळते, पण कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका थांबवत नाही.

मोजणीचा नियम मात्र नीट समजून घ्यावा. खाली पडलेल्याला दहा अंकांत उठायचे असते, आणि पाडणारा तटस्थ, म्हणजे दोघांपैकी कोणाचाही नसलेल्या, कोपऱ्यात गेल्यावरच मोजणी चालते. १९२७ साली शिकागोत जीन टनीला पाडल्यावर जॅक डेम्प्सी त्या कोपऱ्यात वेळेवर गेला नाही, मोजणी उशिरा सुरू झाली, टनीला सावरायला जादा सेकंद मिळाले आणि लढत टनीने जिंकली. हौशी लढतीत खेळाडू उभा असतानाही पंच आठपर्यंत मोजून त्याला श्वास घ्यायला वेळ देऊ शकतो. व्यावसायिक बॉक्सिंगच्या अमेरिकेतील एकत्रित नियमांत ही उभी मोजणी नाही: एक तर लढत चालू राहते, नाहीतर कायमची थांबते. अशा वेळी लढत थांबवा म्हणणारा प्रशिक्षक हवा. मुलाच्या मानधनावर डोळा ठेवून गप्प राहणारा नको.

वजनही असेच पाहावे. हौशी खेळाडूचे वजन लढतीच्या दिवशी सकाळी होते, त्यामुळे पाणी तोडून वजन उतरवण्यात फारसा लाभ नसतो. व्यावसायिकाचे आदल्या दिवशी होते आणि तिथे तो मोह मोठा असतो. वैशाखातल्या कोकणच्या दमट हवेत, जिथे नुसते बसूनही अंगातून धारा लागतात, असे प्रयोग देखरेखीशिवाय करणे घातक आहे.

मुलींसाठी गणित थोडे वेगळे आहे, कारण व्यावसायिक महिलांची फेरी सहसा दोन मिनिटांची आणि किताबाची लढत दहा फेऱ्यांची असते.

नोकरीच्या बाजूने पाहिले तर हौशी वाटेचे पारडे जड ठरते. महाराष्ट्र शासनाच्या सेवेतील पाच टक्के क्रीडा आरक्षणासाठी मान्यताप्राप्त स्पर्धांतील कामगिरी धरली जाते, आणि पोलीस, रेल्वे किंवा सैन्यदलाकडे पाहणाऱ्या घराला हे सांगायला नको. उलट, व्यावसायिक झाल्यावर परतीचे दार कायमचे बंद होते, हा समज आता खरा नाही. २०१६ पासून व्यावसायिकांनाही ऑलिंपिकची मुभा मिळाली आणि विकास कृष्ण व्यावसायिक लढती खेळूनही टोकियोला उतरला.

म्हणून माझा सल्ला असा की राष्ट्रीय स्पर्धेचा अनुभव आणि स्वतःचा विश्वासू प्रशिक्षक हाती नसेल, तर हौशीच राहावे. दोन्ही असतील आणि करार समोर आला, तर आधी वैद्यकीय व्यवस्था विचारावी. १९९१ साली लंडनमध्ये यूबँकविरुद्धच्या लढतीत मायकेल वॉटसनच्या मेंदूला इजा झाली आणि योग्य उपचार मिळण्यात मोलाचा वेळ गेला. २००० साली अपील न्यायालयाने रिंगपाशी पुरेशी व्यवस्था न ठेवल्याची जबाबदारी ब्रिटिश नियामक मंडळावर कायम ठेवली. हे लंडनमध्ये घडले. आपल्याकडे मोठ्या रुग्णालयासाठी रत्नागिरीहून कोल्हापूर गाठायचे तर आंबा घाट चढावा लागतो, आणि पावसाळ्यात तो किती वेळ घेईल हे कोणी सांगू शकत नाही. लढत कोठेही असो, रिंगपाशी कोणता डॉक्टर असेल, रुग्णवाहिका दाराशी उभी असेल का आणि मेंदूची शस्त्रक्रिया होणारे रुग्णालय किती मिनिटांवर आहे, हे आयोजकाकडून लेखी घ्यावे. तो टाळाटाळ करू लागला, तर मानधनाचा आकडा कितीही मोठा असला तरी सही करू नये.